आरहुसमधला आमचा रॉक बँड : नोंदणीपासून विसर्जनापर्यंत

डेन्मार्कमध्ये नोकरीला किंवा शिकायला येणाऱ्या आणि काहीतरी वाजवणाऱ्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून मेसेज येतात, की तिथे बँडमध्ये कसं शिरायचं, परमिटचं काय, भाषा येत नसेल तर घेतात का. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देते, म्हणून आता एकदा सगळं सलग लिहून काढतेय. आमचा बँड फार टिकला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये रीतसर विसर्जित झाला. रीतसर म्हणजे खरंच रीतसर, ठराव मांडून, हात वर करून, सह्या करून. बँडचं आणि बाकीच्या तिघांचं नाव लिहीत नाही, ती आपापल्या संसारात आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्ली घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे तंबोरे जुळवताना ऐकतच मोठी झाले, पण हातात आली ती बेस गिटार. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले ढीगभर होते आणि बेसला कोणी नव्हतं, म्हणून मी. फेब्रुवारी २०१८ मध्ये पवनचक्क्यांच्या कामासाठी आरहुसला आले तेव्हा बेस भावाकडे ठेवून आले होते.

पहिले तीन महिने बँडचा विचारही करू नका, कारण कागदपत्रांशिवाय इथे काहीच हलत नाही. आरहुसच्या बंदरावर डॉक-वन नावाची भली मोठी लायब्ररी आहे, २०१५ ला उघडलेली, तिच्यातच नागरिकांच्या कामांचं ऑफिस आहे. तिथे सीपीआर नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, घ्यायचा, मग डॉक्टरचं पिवळं कार्ड, मग बँक खातं, मग नेमआयडी. नेमआयडी म्हणजे तेव्हा खिशात मावेल असं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर कोड छापलेले, आणि बँकेपासून टॅक्सपर्यंत सगळीकडे त्यातला एकेक कोड टाकून आत शिरायचं. (आता त्याच्या जागी मिटआयडी आलंय.) हे सगळं हातात यायला मला एप्रिल उजाडला.

मे महिन्यात डीबीएवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या इथल्या साइटवर, रानर्सच्या एका निवृत्त शिक्षकांकडे स्क्वायरचा जाझ बेस मिळाला, १४०० क्रोनरला. क्रोनर तेव्हा साधारण दहा रुपयांचा. त्यांनी आधी कॉफी पाजली, मग बेस स्वतः जुळवून दिला, आणि मी वाजवून बघेपर्यंत पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. जुनं वाद्य घ्यायचं तर इथे बिनधास्त घ्या, लोक जपून वापरतात. फक्त प्रत्यक्ष जाऊन घ्या.

भाषेच्या क्लासला ऑगस्टमध्ये नाव घातलं. नेमकं त्याच वर्षी जुलैपासून नोकरीसाठी आलेल्यांना मॉड्यूलमागे, म्हणजे कोर्सच्या दर टप्प्यामागे, २००० क्रोनर फी लागू झाली होती, २०२० मध्ये ती परत काढून टाकली. तेव्हा जड गेले ते पैसे, पण आज मागे बघताना वाटतं की बँडमध्ये शिरायला बेसइतकाच त्या क्लासचा उपयोग झाला.

३० सप्टेंबर २०१८ ला गायक किम लार्सन गेले. तोवर मला त्यांचा गॅसोलिन हा बँड फक्त नावाने माहीत होता, कोपनहेगनच्या क्रिस्टियन्सहाउन भागातला, १९६९ ते ७८ एवढाच काळ वाजवलेला, डॅनिश भाषेत रॉक गाऊन सगळ्या देशाला वेड लावलेला. सोमवारी कँटीनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर साठीतला एक सहकारी जेवता जेवता डोळे पुसत होता आणि समोरची तिशीतली मुलगी हलक्या आवाजात त्याच्याबरोबर गुणगुणत होती. पुढे कोपनहेगनच्या टाउन हॉल चौकात हजारो लोक जमले आणि एकत्र गायले, ते मी टीव्हीवर पाहिलं. त्या आठवड्यात मी ठरवलं की इथे वाजवायचं तर डॅनिश गाण्यांवरच वाजवायचं.

नोव्हेंबरात आरहुसच्या वादकांच्या एका फेसबुक ग्रुपवर जाहिरात दिसली. बेसिस्ट हवा किंवा हवी, वयाची अट नाही, मंगळवारची संध्याकाळ मोकळी असणं मात्र आवश्यक. मी डॅनिशमध्ये चार वाक्यं लिहून पाठवली, कुठून आले, किती वर्षं वाजवते, कुठलं वाद्य आहे, भाषा शिकतेय. पंधरा दिवस काही नाही. मग उत्तर आलं की भेटूया, पण डिसेंबरात जमणार नाही. इथे डिसेंबर म्हणजे ऑफिसच्या, शाळेच्या, मित्रांच्या नाताळ जेवणांचा महिना, कोणालाच वेळ नसतो, त्यामुळे उत्तर लांबलं तर नकार समजू नका. त्या डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळायचा, ऑफिसातून निघताना मिट्ट काळोख, आणि मी रोज घरी जाऊन त्यांनी पाठवलेले तीन डेमो लावून बेस बसवायचे. एकटेपणा होताच, पण हाताशी काम होतं.

जानेवारीत आधी नुसती कॉफीवर भेट झाली, वाद्यं न घेता. हे इथे बरेच जण करतात, माणूस जमतोय का ते आधी बघतात. गायिका शाळेत शिक्षिका, गिटारवाला सुतार, ड्रमर हॉस्पिटलात नर्स. तिघं शाळेपासूनचे मित्र. मला इंग्लिशमध्ये विचारत होते, मी म्हटलं डॅनिशमध्ये बोला, अडले तर सांगेन. त्यावर गायिकेचा चेहरा असा काही खुलला की मला तिथेच वाटलं, जमणार हे.

पुढच्या मंगळवारी ऑडिशन. शहराच्या मधोमध रेल्वेचा जुना मालधक्का आहे, गोड्सबानेन, १९२३ ची इमारत, २०१२ पासून तिथे कलाकारांची कार्यशाळा, नाटकाचे हॉल आणि राडार नावाचं गाण्याचं छोटं ठिकाण आहे. मागच्या रुळांच्या बाजूला कंटेनर आणि लाकडी शेड उभ्या करून लोकांनी आपापले उद्योग थाटलेत. आमची खोली त्याच भागात, एका जुन्या वर्कशॉपच्या तळघरात. दोन बँडमध्ये वाटून घेतलेली, महिन्याचं भाडं १६०० क्रोनर, आमच्या वाट्याला ८००, म्हणजे माणशी २००. दारावर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. फरशीवर जुने गालिचे, कोपऱ्यात हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन, त्याची पाण्याची टाकी शेवटी जाणाऱ्याने रिकामी करायची. सातची वेळ होती, मी सातला पाच कमी असताना पोचले तर तिघांची वाद्यं लागलेली होती.

दुसऱ्या डेमोत ध्रुवपदाला गिटारवाल्याने प्रत्येक मात्रेला नवा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा नवा गुच्छ, टाकला होता. मी सगळे बदल घरी बसवले होते, पण वाजवताना ते माझ्याच कानाला खटकत होतं, नुसती धावपळ वाटत होती. तिसऱ्या वेळी मी बदलांच्या मागे गेलेच नाही, खाली एकच सूर धरून ठेवला, तंबोऱ्याचा षड्ज असतो तसा. कॉर्ड वर बदलत राहिले, खाली जमीन हलली नाही. गिटारवाला थांबला. मला वाटलं चिडला. तो म्हणाला, परत कर. परत केलं. मग ड्रमरने आपला बास ड्रम अर्धा कमी केला आणि गायिकेच्या आवाजाला एकदम जागा मिळाली. त्या रात्री आम्ही ते एकच गाणं दहा वाजेपर्यंत वाजवत बसलो आणि निघताना ड्रमरने खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिघांचं गाणं ऐकून मी चाट पडले होते. एकाने ओळ सुरू केली की दुसरा आपोआप वरचा सूर घ्यायचा, तिसरा खालचा, कोणी कोणाला सांगायचं नाही. शाळेतली सकाळची सामूहिक गाणी आणि फोक हायस्कूलचं, म्हणजे मोठ्यांसाठीच्या इथल्या निवासी शाळांचं, ते जाड निळं गाण्यांचं पुस्तक, त्यातून आलेलं आहे हे. १८९४ पासून त्याच्या आवृत्त्या निघतायत आणि आजही लोक ते उघडून एकत्र गातात. आपल्याकडे एकच सूर सगळ्यांनी मिळून लावायचा, त्यामुळे मला दुसरा सूर धरायला शिकावं लागलं. दर मंगळवारी पहिली पंधरा मिनिटं आम्ही वाद्यं न घेता नुसते गायचो. माझे डॅनिश स्वरोच्चार त्या पंधरा मिनिटांत जेवढे सुधारले तेवढे क्लासमध्ये नाही सुधारले.

आता परमिट. हा भाग नीट वाचा. मी नोकरीच्या परमिटवर होते आणि ते परमिट एका कंपनीतल्या एका कामासाठी असतं. दुसरीकडे पैसे घेऊन काम केलं, मग ते एका रात्रीचं वाजवणं का असेना, तर बेकायदा काम ठरू शकतं. २०१७ मध्ये कोपनहेगन बिझनेस स्कूलच्या एका अमेरिकन प्राध्यापिकेवर संसदेत वगैरे व्याख्यानं दिली म्हणून या कायद्याखाली आरोप ठेवले गेले होते आणि ते प्रकरण देशभर गाजलं होतं, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला होता. मी सिरी या खात्याला, म्हणजे परमिट देतात त्यांना, ईमेल केला. साधारण महिन्याने उत्तर आलं. माझ्या केसमध्ये मथितार्थ असा, की संस्थेत सभासद म्हणून बिनपगारी छंद चालेल, मोबदला घ्यायचा असेल तर जोडकामाची वेगळी परवानगी घ्या. नियम बदलत राहतात, तुम्ही तुमच्या केसचं लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा. कोणी ओळखीचं म्हणालं की चालतं गं, तर त्यावर विसंबू नका.

मी हे बँडला सांगितलं तेव्हा मला धाकधूक होती, की नको ही कटकट म्हणून दुसरा बेसिस्ट बघतील. गायिका म्हणाली, मग आपण फोरेनिंग काढू. पैसे फोरेनिंगला येतील, भाडं त्यातून जाईल, कोणीच काही घ्यायचं नाही. माझ्या एकटीसाठी तिघांनी आपली मिळकत सोडली आणि त्यावर चर्चासुद्धा केली नाही. हे मी विसरणं शक्य नाही.

फोरेनिंग म्हणजे संस्था. इथे फुटबॉलपासून मधमाशीपालनापर्यंत सगळ्याच्या फोरेनिंग असतात. कागद कसे करायचे म्हणून मी इथल्या एका मराठी काकूंना फोन केला, तीस वर्षं डेन्मार्कमध्ये आहेत, शहराबाहेर लोकांना बागेसाठी जमिनीचे छोटे तुकडे वाटून दिलेले असतात, त्यातला एक त्यांचा आहे आणि त्या बागेच्या संस्थेच्या खजिनदार आहेत. काकू म्हणाल्या, "अगं, इथे तीन माणसं जमली की आधी फोरेनिंग काढतात आणि मग कॉफी पितात. आमच्या बागेची घटना देते तुला, त्यातलं कुंपणाचं कलम तेवढं काढून टाक." खरंच तीच घटना घेऊन आम्ही आमची केली. उद्देश, सभासद, वर्गणी, वार्षिक सभा कधी, सही कोणाची, आणि संस्था बंद झाली तर उरलेले पैसे कुठे जाणार. शेवटच्या कलमावर गिटारवाला म्हणाला, आत्ताच कशाला? पण काकूंनी मला बजावलं होतं की ते आधी लिही. लिहिलं, की तरुण वादकांच्या दुसऱ्या संस्थेला द्यायचे.

मार्च २०१९ मध्ये त्याच तळघरात स्थापनेची सभा झाली. अध्यक्ष गायिका, खजिनदार मी, सभेचा अध्यक्ष वेगळा निवडायचा म्हणून ड्रमर, इतिवृत्त गिटारवाल्याने लिहिलं. मला आमच्या मिरजेच्या सोसायटीची मीटिंग आठवत होती, फरक एवढाच की इथे कोणी कोणाचं बोलणं तोडत नव्हतं. घटना आणि इतिवृत्त सरकारी साइटवर चढवलं की सीव्हीआर नंबर, म्हणजे संस्थेचा नोंदणी क्रमांक, मिळतो, फी नाही, आमचा आठवड्याभरात आला. वर्षाची उलाढाल ५०,००० क्रोनरच्या आत असेल तर व्हॅटची नोंदणी करावी लागत नाही. एक लक्षात ठेवा, नंबर मिळाला की सरकारी पत्रं संस्थेच्या डिजिटल पेटीत येतात, घरी नाही. ती पेटी कोण उघडणार ते पहिल्या दिवशी ठरवा.

बँक खात्याने मात्र जीव काढला. २०१८ मध्ये डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेचं मनी लाँडरिंगचं प्रकरण गाजलं होतं आणि तेव्हापासून सगळ्याच बँका छोट्या संस्थांची कसून चौकशी करायला लागल्या होत्या. एका बँकेने सरळ नाही सांगितलं. दुसरीने फॉर्म दिला, चौघांचे पासपोर्ट, पिवळी कार्डं, घटना, इतिवृत्त, वर्षाला किती रोख येणार, परदेशातून पैसे येणार का, शिवाय माझं परमिट. एप्रिलमध्ये दिलं, मेमध्ये पुन्हा मागितलं, जूनमध्ये इतिवृत्तावर तारखेशेजारी गाव लिहिलं नाही म्हणून परत आलं. ऑगस्टमध्ये खातं उघडलं, वर्षाची फी ८०० क्रोनर. तोवर सगळा खर्च मी माझ्या खिशातून करून वहीत मांडत होते. तुम्ही संस्था काढणार असाल तर ज्या बँकेत अध्यक्षांचं आधीपासून खातं आहे तिथेच जा, आणि पहिल्या कार्यक्रमाच्या सहा महिने आधी अर्ज टाका.

पहिला कार्यक्रम मिळाला तो सांक्त हान्सचा, २३ जून. उन्हाळ्याच्या मध्याची रात्र, समुद्रकाठी होळी पेटवतात, वर कापडाची चेटकीण ठेवतात, कोणीतरी भाषण करतं आणि मग सगळे मिळून एक ठरलेलं गाणं गातात. कवी होल्गर ड्राखमन यांनी १८८५ च्या आपल्या नाटकासाठी लिहिलेलं. आरहुसच्या उत्तरेला किनाऱ्यालगत एक वस्ती आहे, तिथल्या घरमालकांच्या संस्थेने बोलावलं होतं, ३००० क्रोनर आणि चौघांचं जेवण. त्या गाण्याला दोन चाली आहेत. जुनी संगीतकार लांगे-म्युलर यांची आणि १९८० मध्ये शू-बि-दुआ या रॉक बँडने केलेली, आणि कुठली गायची यावर दरवर्षी देशभर हुज्जत. आम्ही आयोजकांना विचारलं तर त्यांच्या कमिटीत दोन तट. म्हणून दोन्ही बसवल्या. गायिकेने दोन्ही चाली तिच्या पट्टीपेक्षा खाली घेतल्या, कारण गर्दी गाणार, आणि गर्दीत वरचा सूर कोणालाच लागत नाही. आपल्या आरतीलाही हेच करायला हवं असं मला तेव्हापासून वाटतं.

साडेनऊ वाजले तरी लख्ख उजेड. वीज सेलिंग क्लबमधून लांबलचक वायर टाकून घेतली होती. वाळू बेसच्या जॅकमध्ये गेली आणि पहिल्या गाण्यात आवाज तुटत होता, ड्रमरने खिशातून टूथब्रश काढून दिला, नर्स असल्यामुळे त्याच्याकडे काय वाट्टेल ते असायचं. आमची स्वतःची गाणी लोकांनी शांतपणे ऐकली, मुलं पुढे नाचली. मग होळी पेटली आणि ते गाणं सुरू झालं. आधी जुनी चाल, म्हातारी माणसं पुढे सरकली, मग मध्ये न थांबता दुसरी, आणि मागची तरुण मंडळी एकदम जोरात. मी वाजवत होते पण मला माझा बेस ऐकूच येत नव्हता, इतकी माणसं गात होती. आयुष्यात मी वाजवलेली ती सर्वात चांगली पंधरा मिनिटं.

तीन हजार क्रोनर आम्हाला ऑगस्ट संपताना मिळाले, कारण खातंच नव्हतं. आयोजकांनी बिल तसंच धरून ठेवलं, एकदाही कुरकुर केली नाही.

जुलैत सगळा देश सुट्टीवर असतो, तालमी बंद. ऑगस्टअखेर आरहुसचा फेस्टउगे, शहराचा दहा दिवसांचा महोत्सव, त्यात एका अंगणात तासभर वाजवलं. शरदात जवळपासच्या गावांमधली दोन-तीन सांस्कृतिक केंद्रं. तिथे जाणाऱ्यांसाठी सांगते, स्टेजवर कोण कुठे उभं राहणार, किती माइक, किती प्लग याचा एक पानाचा नकाशा आधी पाठवा. स्वयंसेवकच सगळं करत असतात आणि त्यांना तो कागद मिळाला की ते खूश. जेवणात काय चालत नाही तेही त्यातच लिहा. मी शाकाहारी आहे हे लिहिलं नव्हतं तेव्हा बटाटे खाऊन वाजवलं, लिहायला लागले तेव्हापासून माझ्यासाठी आवर्जून वेगळं केलेलं असायचं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली, एक शनिवार-रविवार, ८००० क्रोनर. त्यातले निम्मे संस्थेच्या खात्यातून, बाकीचे चौघांनी सारखे घातले. कमाई जमा होऊन तिचं काहीतरी होतंय हे बघून खजिनदार म्हणून मला फार बरं वाटलं. रेकॉर्डिंगच्या आधीच एका कागदावर लिहून घेतलं की प्रत्येक गाणं चौघांचं, सारख्या वाट्याने. मग कोडावर नोंदवलं. कोडा ही गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था, १९२६ पासूनची. कार्यक्रमाचे पैसे तिला आयोजक भरतो, पण तुम्ही कुठली गाणी वाजवली त्याची यादी तुम्ही द्यायची असते, नाही दिली तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत पोचायचा कसा? मी घरी जाताना बसमध्येच भरून टाकायचे. वादकांच्या आणि रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी ग्रामेक्स वेगळी, तिथेही नाव घाला. परमिटचा प्रश्न यातही येऊ शकतो, म्हणून मी तेही सिरीला आधी लिहून विचारलं होतं.

गाणी आम्ही डीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीच्या, पी-सिक्स बीट या रेडिओला पाठवली. २०१८ च्या सप्टेंबरात ते चॅनेल बजेटकपातीत बंद करणार असं जाहीर झालं होतं, लोकांनी आरडाओरडा केला आणि २०१९ मध्ये ते वाचलं. आमचं गाणं लागलं नाही. पण छोट्या बँडची गाणी ऐकून घेणारं सरकारी रेडिओ चॅनेल असणं आणि ते टिकावं म्हणून लोकांनी भांडणं, हे मला खूप मोठं वाटतं, आपल्याकडे मराठीत नवं वाजवणाऱ्या मुलांना असं काही मिळायला हवं.

ईपी, म्हणजे त्या चार गाण्यांचा छोटा अल्बम, २७ मार्च २०२० ला यायची होती, त्याच रात्री कार्यक्रम. ११ मार्चला संध्याकाळी पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन टीव्हीवर आल्या आणि देश बंद झाला. १८ तारखेपासून दहापेक्षा जास्त लोकांना जमायला बंदी. आम्ही चौघंच होतो, पण ड्रमर हॉस्पिटलात आणि त्याची बायको गरोदर, त्यामुळे तालमी थांबवल्या, वाद झाला नाही. ईपी ठरल्या दिवशी ऑनलाइन टाकली. कार्यक्रमाच्या हॉलने डिपॉझिट पूर्ण परत दिलं. त्या दिवसांत डीआरवर रोज सकाळी संगीतकार फिलिप फाबर पियानोवर बसून गाणी घ्यायचे आणि लोक आपापल्या घरात त्यांच्याबरोबर गायचे. मी पण गायचे, बऱ्याचदा दुसरा सूर. एप्रिलमध्ये आरहुसला मोटारींमध्ये बसून ऐकायची मैफल झाली. रोस्किल्डचा त्या वर्षीचा संगीत महोत्सव पन्नासावा, तोही रद्द झाला. मिरजेला आई-बाबा एकटे, विमानं बंद, बेस कितीतरी दिवस भिंतीला टेकून होता.

जूनमध्ये जमावाची मर्यादा वाढली तेव्हा आम्ही परत खोलीत गेलो. वाजलं बरं, पण गायिकेला कोपनहेगनला नोकरी मिळाली होती, ऑगस्टपासून. ट्रेनने तीन तास, गाडीने जायचं तर वाटेतल्या स्टोरबेल्ट सामुद्रधुनीवरच्या पुलाचाच टोल तेव्हा एका बाजूने अडीचशे क्रोनरच्या आसपास. महिन्यातून एकदा जमेल का यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ बोललो. ती म्हणाली, मंगळवार नसेल तर तो हा बँड नाही. मला पटलं आणि रडूही आलं. दुसरी गायिका शोधायची का हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये ड्रमरला मुलगी झाली. डॉक-वनच्या आत एक प्रचंड मोठी लोंबती घंटा आहे, आरहुसच्या हॉस्पिटलात बाळ जन्मलं की आईबाप तिथून बटण दाबतात आणि इकडे लायब्ररीत घंटा वाजते. त्याने ग्रुपवर लिहिलं, बटण दाबलंय, कोणी ऐकलं का. गिटारवाला नेमका पुस्तकं परत करायला गेला होता. त्याने ऐकली, आणि त्याला माहीत नव्हतं ती कोणाची.

सप्टेंबरात गायिका एका शनिवारी आली आणि बागेत बाकावर बसून विसर्जनाची सभा घेतली. घटनेप्रमाणे दोन आठवडे आधी नोटीस, विषयपत्रिका, हिशेब. हिशेब मी वाचून दाखवला, डॅनिशमध्ये, कागद न बघता. मतदान हात वर करून. इतिवृत्त या वेळी मी लिहिलं, गाव आणि तारीख दोन्ही घालून. काम मात्र तेवढ्याने संपत नाही. आधी सगळी बिलं भागवायची, मग शिल्लक वळती करायची, मग बँक खातं बंद, आणि सगळ्यात शेवटी सीव्हीआर. क्रम उलटा केला तर बँक विचारते की अस्तित्वात नसलेल्या संस्थेच्या वतीने सही कोण करतंय. डिजिटल पेटीतली पत्रं त्याआधी उतरवून ठेवा. आमचं सगळं बंद व्हायला नोव्हेंबर अर्धा गेला.

खात्यात ४२०० क्रोनर उरले होते. खोलीत आमच्याबरोबर भाडं भरणारी विशीतली पोरं होती, त्यांचीही संस्था होती, काकूंनी आधी लिहायला लावलेल्या कलमाप्रमाणे पैसे त्यांना गेले. ओलावा ओढायचं नवं मशीन घेणार म्हणाले. मंगळवारही त्यांनाच दिला. कोडाचं सदस्यत्व संस्थेचं नसतं, ज्याचं त्याचं असतं, त्यामुळे बँड बंद पडला तरी वाजवलेल्या गाण्यांचे पैसे येत राहतात. माझ्या खात्यात पुढच्या वर्षी आले, सांक्त हान्सचेही त्यात होते, बेसच्या तारांचा एक सेट येईल एवढे. तेवढ्यासाठी तरी याद्या भरा.